राजीनामा आला की चौकशी संपली
न्यायासन आणि नीती : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण तालुक्याच्या न्यायालयात होतो. तिथल्या न्यायाधीशाविरुद्धची तक्रार उच्च न्यायालयाकडे जाते, कारण संविधानाच्या २३५व्या अनुच्छेदाने कनिष्ठ न्यायालयांवरचं नियंत्रण त्याच्याकडे सोपवलं आहे. विभागीय चौकशी होते आणि दोष जेवढा, तेवढी शिक्षा देता येते. कुणावर ठपका येतो, कुणाची वेतनवाढ थांबते, कुणाला सक्तीने निवृत्त केलं जातं, तर कुणी बडतर्फ होतो. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या बाबतीत या मधल्या पायऱ्या कायद्यात नाहीत. तिथे शिक्षा एकच, पदावरून दूर करणं, आणि तो अधिकार संसदेचा.

ही वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे. प्रस्तावावर लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात. तो दाखल करून घ्यायचा की नाही, हे अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात. मग १९६८च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार तिघांची समिती बसते. तिने दोषी ठरवलं तरच मतदान होतं, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत व हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं मिळवावी लागतात. सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायमूर्तीला खुर्ची जाण्याची भीती वाटू नये, हा त्यामागचा विचार मला आजही पूर्ण पटतो. पण भिंत इतकी उंच असेल, तर तिच्या अलीकडे जे घडतं त्याचा हिशेब कुणी मागायचा?

न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींचं प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखं आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या निवासस्थानासाठी त्यांनी केलेल्या सरकारी खर्चावर आक्षेप आले. तोवर ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. १९९१मध्ये १०८ खासदारांनी प्रस्ताव दिला आणि लोकसभाध्यक्ष रवी रे यांनी तो दाखल करून घेतला. समितीत सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. त्यांनी १४पैकी ११ आरोपांत रामस्वामींना दोषी धरलं. मे १९९३मध्ये लोकसभेत रामस्वामींच्या बाजूने कपिल सिब्बल यांनी वकील म्हणून युक्तिवाद केला. ११ मे रोजी मतदान झालं तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने १९६ मतं पडली आणि विरोधात एकही नाही. काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ सदस्य मात्र सभागृहात बसून तटस्थ राहिले, आणि प्रस्ताव पडला. तीन न्यायविदांनी कागद तपासून काढलेला निष्कर्ष कुणीही खोडून काढला नव्हता. तो नुसता बाजूला ठेवला गेला. माझ्या मते आपल्या संसदीय इतिहासातला हा मोठा लाजिरवाणा दिवस आहे, आणि तीस वर्षं उलटली म्हणून त्याची लाज कमी होत नाही.

दोनच वर्षांनी मुंबईत वेगळाच पेच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना त्यांच्या पुस्तकाच्या परदेशी हक्कांपोटी लंडनच्या एका प्रकाशकाने देऊ केलेल्या ८०,००० डॉलरच्या रकमेवरून वकिलांमध्ये संशय पसरला. वकिलांच्या संघटनांनी राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले, आणि अखेर त्यांनी पद सोडलं. आरोप खरा की खोटा, याची चौकशी कोणत्याही व्यासपीठावर झाली नाही. हे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारं होतं. ते निर्दोष असतील तर नाव कायमचं डागाळलं, दोषी असतील तर दोष कुठेच नोंदला गेला नाही.

सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेमुळे हा मामला सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ सप्टेंबर १९९५च्या निकालात न्यायालयाने वकील संघटनांना सांगितलं की, ठराव करून न्यायमूर्तीवर दबाव आणू नका; पुरावा असेल तर तो मुख्य न्यायमूर्तींकडे न्या, आणि तक्रार खुद्द मुख्य न्यायमूर्तींबद्दल असेल तर देशाच्या सरन्यायाधीशांकडे. त्याच निकालात एक मोलाची कबुलीही आहे. पदच्युतीला पुरेल असं सिद्ध गैरवर्तन आणि पदाला न शोभणारं वर्तन यांत मोठी दरी आहे, आणि ती न्यायव्यवस्थेने आतूनच बुजवायला हवी, असं न्यायालयाने मानलं.

पुढची पावलं त्याच दिशेने पडली. मे १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी आचरणाची १६ मूल्यं स्वीकारली. वकिलांशी, विशेषतः आपल्याच न्यायालयात काम करणाऱ्यांशी, फार सलगी नको. वकिली करणाऱ्या नातेवाइकाने न्यायमूर्तीच्या घरातून व्यवसाय करू नये. शेअरांची सट्टेबाजी नको, भेटवस्तू नकोत, माध्यमांना मुलाखती नकोत. १९९९मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धतही ठरली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीबद्दलची तक्रार गंभीर वाटली, तर सरन्यायाधीश दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायमूर्ती अशी समिती नेमतात. दोष पदच्युतीइतका मोठा ठरला तर राजीनाम्याचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिला जातो. तो मानला नाही तर काम काढून घेऊन सरकारला कळवलं जातं. दोष त्याहून लहान असेल तर बोलावून समज देतात.

दरी एवढ्याने बुजली का? ‘जा’ आणि ‘पुन्हा असं करू नका’ यांच्यामध्ये अजूनही रिकामी जागा आहे. राजीनाम्याचं दारही सताड उघडं आहे. कोलकात्याचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेने १८ ऑगस्ट २०११ला मंजूर केला. लोकसभेत चर्चा होण्याच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला आणि विषय तिथेच थांबला. न्या. पी. डी. दिनकरन यांनीही त्याच वर्षी चौकशी सुरू असताना पद सोडलं. १९५०पासून २०२५ सरेपर्यंत संसदेने एकाही न्यायमूर्तीला पदच्युत केलेलं नाही.

मधली जागा भरण्याचा एक प्रयत्न झाला होता. न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक २०१२मध्ये लोकसभेत मंजूर झालं. त्यात लहान दोषांसाठी सल्ला आणि ताकीद यांची तरतूद होती. पण सुनावणीत न्यायमूर्तींनी काय बोलू नये, असं सांगणारं कलमही त्यात घुसलं, आणि कायदेपंडितांनी त्याला रास्त विरोध केला. २०१४मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयक बारगळलं. वाईट कलम काढून चांगलं ठेवता आलं असतं. इंग्लंड-वेल्समध्ये न्यायाधीशांना औपचारिक सल्ला, इशारा आणि ठपका या पायऱ्या आहेत, आणि दिलेल्या शिक्षेचं निवेदन सहसा प्रसिद्ध होतं. तेवढ्याने तिथल्या न्यायाधीशांचा कणा मोडलेला नाही.

आपल्याकडे उघडेपणाची सवय आता कुठे लागते आहे. २००३मध्ये इंदिरा जयसिंग यांनी अंतर्गत समितीचा अहवाल मागितला, तेव्हा तो गोपनीय असल्याचं सांगून सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मार्च २०२५मध्ये दिल्लीत न्या. यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आग लागली आणि तिथे नोटा सापडल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. या वेळी मात्र प्राथमिक अहवाल आणि छायाचित्रं सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच संकेतस्थळावर टाकली. १२ ऑगस्टला लोकसभाध्यक्षांनी १४६ खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव दाखल करून घेतला आणि १९६८च्या कायद्यातली समिती नेमली.

त्याच वर्षी ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायमूर्तींच्या मालमत्तेची विवरणं आली. त्यांत काय असतं आणि ती कशी वाचायची, ते पुढच्या आठवड्यात.