अर्ज तिकडे, आई इकडे

परभणीकरांना सरहद्द ही काही नवी गोष्ट नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडकडे जाणाऱ्याला करोडगिरीची तपासणी चुकत नसे आणि हाली शिक्क्याचे रुपये पलीकडे बदलून घ्यावे लागत. ती सरहद्द गेली. पण आता आपल्या लेकी परदेशी नांदू लागल्या आणि दुसरीच सरहद्द घरात आली.

आमच्याकडे लोक कामगार-कचेरीचे कागद वाचून घ्यायला येतात. हल्ली त्यांत अमेरिकेचेही कागद असतात. मध्यंतरी सूतगिरणीतले एक जुने सहकारी आले. मुलगी तिकडे शिकायला गेलेली. तिथल्याच नागरिकाशी लग्न झाले आणि कायम वास्तव्याचा अर्ज तिने तिथे राहूनच भरला. इकडे आईला अर्धांगाचा झटका आला. ‘अर्जाची पोच आहे, मग यायला काय हरकत?’ असे ते विचारीत होते. कोणा एजंटाने त्यांना तसे सांगितले होते म्हणे.

हरकत आहे, आणि मोठी आहे. पाळी चालू असता गिरणीबाहेर जायचे तर गेटपास लागतो. मागितला आहे एवढ्याने भागत नाही, तो हातात असावा लागतो. येथेही तसेच आहे. कायम वास्तव्याच्या अर्जाला आय-४८५ म्हणतात. त्याचा निकाल लागण्याआधी देश सोडायचा तर प्रवासाची वेगळी परवानगी लागते. तिचा अर्ज आय-१३१. ती हाती पडण्यापूर्वी विमानात बसले, की अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे तिथले सरकार धरते. भरलेली फी बुडते. पतीने पत्नीसाठी केलेली मूळ मागणी तेवढ्याने रद्द होत नाही, परंतु पुढचे काम मुंबईच्या वकिलातीतून करावे लागते, आणि तोवर नवरा तिकडे, बायको इकडे.

नोकरीच्या एच-१ वा एल व्हिसावर असलेले आणि त्यांच्याबरोबर अवलंबून म्हणून गेलेले जोडीदार यांना यातून सूट आहे; मात्र तो व्हिसा चालू हवा आणि परत जाताना त्याच नात्याने आत शिरले पाहिजे. विद्यार्थी व्हिसाला ही सूट नाही. कायद्यालाही शिकणाऱ्यापेक्षा राबणारा जवळचा वाटतो, याची आम्हाला मौज वाटली!

परवानगी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तपासणी करतोच. ज्यांचे वास्तव्य मध्यंतरी बेकायदा झाले असेल, त्यांनी तर वकिलाला विचारल्यावाचून पाऊल उचलू नये. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक असे राहून देश सोडणाऱ्याला तीन वर्षे, आणि वर्ष किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

घरी दुखणे असेल तर परवानगी तातडीनेही मागता येते, पण पुरावा लागतो. त्या रात्री आम्ही इस्पितळाचा मराठी दाखला इंग्रजीत उतरवला, भाषांतर बरोबर असल्याबद्दल खाली सही केली आणि मुलीकडे पाठवला. ‘परवानगी हाती येईपर्यंत तिकीट काढू नकोस’, असे तिला फोनवर तीनदा बजावले. बाराव्या दिवशी ती मिळाली. मुलगी आली तेव्हा आई उशाला टेकून बसू लागली होती.