प्रोसेसरचं नाव आणि त्याचा गाभा
साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. अशा कष्टाच्या पैशातून मुलांसाठी लॅपटॉप घेताना आपण प्रोसेसरच्या नावातल्या मोठ्या आकड्याला भुलतो. पण नाव म्हणजे वस्तू नव्हे. एएमडीचा ‘रायझन ५ ५६००यू’ २०२१ चा; कोअर, म्हणजे काम करणारे हात, सहा; रचना झेन ३. ‘रायझन ५ ७५२०यू’ २०२२ चा, पण कोअर चारच आणि रचना जुनी, झेन २. लिहिणं-वाचणं, ऑनलाइन तास यांना तो पुरतो. जड कामाला मात्र पहिलाच सरस. ७००० च्या मालिकेत तिसरा अंक रचना सांगतो, तो आधी बघू या. सांगलीच्या बाजारात हळद घेणारा हळकुंड मोडून पारखतो. मग आपणच अर्ध्या हळकुंडाने पिवळं का व्हावं?