न दिसलेली मांजर मेली असं धरायचं का? नसबंदी, हिवाळा आणि हरवलेला डेटा

एखादी मदत केली, पण ती उपयोगी पडली हे ठरवायचं कसं? तुमचा विषय शेती असो, शिक्षण असो की आरोग्य, संशोधनाच्या आराखड्यात हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. आज तो आपण जरा लांबच्या उदाहरणावरून समजून घेऊ: उत्तर अमेरिकेतल्या थंड शहरांमधली भटकी मांजरं.

शिकागो, मिनीआपोलिस, टोरोंटो अशा शहरांत स्वयंसेवक रस्त्यावरची मांजरं पिंजरा लावून पकडतात, पशुवैद्याकडून त्यांची नसबंदी करून घेतात आणि जिथून उचलली तिथेच परत सोडतात. या पद्धतीला ट्रॅप-न्यूटर-रिटर्न म्हणतात. आपण टीएनआर म्हणू. परत का सोडायचं? कारण यातली बरीचशी मांजरं माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेली असतात. त्यांना घरात डांबलं तर ती कोपऱ्यात दबून बसतात, हात लावू देत नाहीत. त्यामुळे त्यांचं घर म्हणजे तो रस्ता, ती गोदामाची मागची बाजू.

मग हिवाळा येतो. पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. ज्यांनी मांजर पकडून, शस्त्रक्रिया करून परत सोडलं, त्यांच्यावर आता एक जबाबदारी आहे. ते खोकी ठेवतात, पेंढा भरतात, रोज खाणं-पाणी देतात. आणि मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मोजायला बसतात: किती उरली?

हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. ते का, हाच आजचा मुद्दा आहे.

आधी जे नक्की माहीत आहे ते

मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. भोवतालचं तापमान सुमारे ३० ते ३८ अंश असेल तर ते टिकवायला त्याला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. त्याखाली शरीराला जादा इंधन जाळावं लागतं. म्हणजे आपल्याला सुखाची वाटणारी पुण्यातली डिसेंबरची दुपारसुद्धा मांजराच्या हिशोबाने गारच! शिकागोतल्या रात्रीचा विचार तुम्हीच करा. तिथे मांजर तीन गोष्टींवर तगतं: दाट कोरडे केस, पुरेसं खाणं आणि वारा न लागणारी जागा.

म्हणून खोकं कसं असावं यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. खोकं लहान हवं, कारण आतली हवा तापवणारी शेगडी म्हणजे मांजराचं स्वतःचं शरीर. भिंतींना थर्माकोल, जमिनीपासून थोडी उंची, आणि दार फक्त मांजर शिरेल इतकंच, साधारण १५ सेंटिमीटरचं. आत जुनी गोधडी किंवा टॉवेल टाकावासा वाटतो, पण तो टाकू नये. कापड ओल धरतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. वाळलेलं हिरवं गवतही ओल शोषतं. गव्हाचा पेंढा मात्र पोकळ काड्यांचा असतो, पाणी फारसं धरत नाही, आणि मांजर त्यात स्वतःला पुरून घेऊ शकतं. खाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. पाणी गोठतं, त्यामुळे ते वारंवार बदलावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी वेगळी. भूल दिल्यावर शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावते आणि एवढासा जीव पटकन गार पडतो. म्हणून पोटावरचे केस कमीत कमी कापायचे, आणि मांजर पूर्ण शुद्धीवर येऊन सावरेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, त्याला उबदार खोलीत ठेवूनच सोडायचं. कडाक्याची लाट असेल तर पिंजरा लावणंच पुढे ढकलायचं.

मग हिवाळ्यात हे काम करायचंच कशाला? मांजरांचा माज दिवसाच्या लांबीशी जोडलेला असतो. उत्तरेकडच्या लहान दिवसांत गाभण किंवा पिल्लांना पाजणाऱ्या माद्या कमी सापडतात. तेव्हा नसबंदी झाली की वसंतातली पिल्लं टळतात. ही पिल्लं टळणं का महत्त्वाचं, याचा एक आकडा पाहा. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भटक्या मांजरींच्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधी 'मेली किंवा दिसेनाशी झाली'.

या शेवटच्या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. पुढचा सगळा लेख त्यांच्यावरच आहे.

मोजायचं तर ओळखायला हवं

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली की त्याची नसबंदी झाली आहे हे कळतं. मांजरांमध्ये भुलेतच एका कानाचं टोक, बहुतेक ठिकाणी डाव्या, साधारण एक सेंटिमीटर सरळ रेषेत कापतात. लांबूनही दिसतं, पुन्हा पकडायची गरज पडत नाही.

पण संशोधक म्हणून तुम्ही इथे थांबायला हवं. ही खूण 'नसबंदी झालेलं' एवढंच सांगते. 'हेच ते मांजर' हे सांगत नाही. पाच काळी मांजरं, पाचही कान कापलेले, तर कोण गेलं आणि कोण आलं? त्यासाठी फोटो, अंगावरचे ठिपके-पट्टे किंवा कातडीखालची मायक्रोचिप लागते. आणखी एक गंमत अशी की कडक थंडीत हिमदंशाने कानाची टोकं झडू शकतात. तेव्हा कड सरळ आहे की वेडीवाकडी हे नीट पाहिलं नाही, तर ज्या हिवाळ्याचा परिणाम तुम्ही मोजताय तोच तुमची खूण बिघडवून ठेवेल.

दोन गट, एक फसवा निष्कर्ष

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' गटात २० मांजरं, खोकी ठेवलेली. 'ब' गटातही २०, पण खोकी नाहीत. वसंतात तुम्ही एकदा जाऊन पाहता: 'अ'मध्ये १४ दिसतात, 'ब'मध्ये १०. लगेच लिहावंसं वाटतं की खोक्यांमुळे जगण्याचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं.

थांबा. समजा दोन्ही गटांत प्रत्यक्षात १६ मांजरं जगली आहेत. 'अ'मधली खोक्यांच्या आसपासच असतात, त्यामुळे १६ पैकी १४ दिसली. 'ब'मधली ऊब शोधत तळघरांत, गाड्यांखाली, पलीकडच्या गल्लीत पांगली, त्यामुळे १६ पैकी १०च दिसली. खोक्यांनी एकही जीव वाचवला नाही, तरी तुमचा तक्ता तसाच दिसेल. किंवा उलटही असू शकेल. एका फेरीच्या आकड्यांवरून हे वेगळं काढताच येत नाही.

कारण 'दिसली' या आकड्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: ती जिवंत असण्याची शक्यता, आणि जिवंत असल्यास ती तुम्हाला दिसण्याची शक्यता. आपल्याला हवी असते पहिली. हातात येतो दोन्हींचा गुणाकार.

गुणाकार सोडवायचा कसा?

उत्तर आहे: एकापेक्षा जास्त वेळा जा, आणि प्रत्येक मांजराची वेगळी नोंद ठेवा.

पुन्हा काल्पनिक आकडे. जानेवारीत तुम्ही २५ मांजरं ओळखून नोंदवली. त्यांपैकी फेब्रुवारीत १४ दिसली. मार्चमध्ये या २५ पैकी १० दिसली. त्या १० ची जुनी नोंद काढली तर ७ फेब्रुवारीतही दिसली होती, ३ दिसली नव्हती.

ही ३ मांजरं तुमच्यासाठी सोन्यासारखी आहेत. मार्चमध्ये जिवंत म्हणजे फेब्रुवारीतही जिवंत होतीच. फक्त तुम्हाला दिसली नाहीत. म्हणजे फेब्रुवारीत नक्की जिवंत असलेल्या १० पैकी ७ तुम्ही पाहिलीत. तुमची नजर ७० टक्के. मग फेब्रुवारीत दिसलेली १४ मांजरं खऱ्या संख्येच्या ७० टक्के धरली, तर जिवंत असलेली साधारण २०. म्हणजे जानेवारी ते फेब्रुवारी जगण्याचं प्रमाण २५ पैकी २०, ८० टक्के. नुसतं 'दिसली' मोजलं असतं तर ५६ टक्के लिहून मोकळे झालो असतो!

याच कल्पनेचं पक्कं सांख्यिकी रूप म्हणजे कॉर्मॅक-जॉली-सीबर मॉडेल. कॉर्मॅक यांनी १९६४ मध्ये आणि जॉली व सीबर यांनी १९६५ मध्ये ते मांडलं. पक्ष्यांपासून माशांपर्यंत आजही ते वापरलं जातं. सूत्र पाठ करू नका. ती ३ मांजरं लक्षात ठेवा, सूत्र मागोमाग येईल.

एक मर्यादा मात्र उरतेच. जे मांजर कायमचं दुसरीकडे गेलं आणि जे मेलं, ते या मॉडेलला सारखंच दिसतं. म्हणून त्यातून मिळणाऱ्या आकड्याला 'भासमान जगणूक' म्हणावं लागतं. हा फरक किती मोठा असू शकतो? इलिनॉयमधल्या संशोधकांनी ४२ मांजरांना रेडिओ-कॉलर लावून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेवारस असलेल्या एका बोक्याचा वावर ५४७ हेक्टरांवर होता. असा बोका तुमच्या खोक्यापाशी दिसला नाही म्हणून त्याला मृत धरणार का?

आता छापील अभ्यास वाचून पाहू

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारातल्या मांजरांवरचा अभ्यास टीएनआरच्या चर्चेत नेहमी येतो. १९९१ ते २००२ या काळात तिथे १५५ मांजरांची नोंद झाली. १९९६ मध्ये आवारात ६८ मांजरं होती, २००२ मध्ये २३ उरली. घट ६६ टक्के. आकडा भारी आहे, पण ती मांजरं गेली कुठे? १५५ पैकी ७३ दत्तक गेली. म्हणजे घटीचा मोठा भाग नसबंदीचा नसून घर मिळाल्याचा आहे. आणि २३ मांजरं दिसेनाशी झाली. अखेरीस आवारात उरली तीही २३च. जितकी हातात, तितकीच हरवलेली. अभ्यासकांनी हा आकडा उघडपणे दिला आहे, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तो वाचणं हे आपलं काम.

दुसरा अभ्यास फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांचा, २००२ मधला. नसबंदीच्या वेळी १०५ मांजरांची शरीरस्थिती तपासली. वर्षभराने पुन्हा पकडता आली त्यांतली १४. त्या चौदांचं वजन वाढलेलं होतं, अंगावर चरबी धरली होती. चांगली बातमी आहे, आणि नसबंदीनंतर असं होणं शरीरशास्त्राला धरूनही आहे. पण उरलेल्या ९१ चं काय? ती अशक्त झाली असतील, किंवा गुटगुटीत आणि जास्त हुशार होऊन पिंजऱ्याकडे फिरकत नसतील. या १४ वरून 'नसबंदी झालेली मांजरं हिवाळ्यात तगतात' असं वाक्य तुमच्या प्रस्तावात आलं, तर आरआरसीसमोर पहिला प्रश्न यावरच येईल.

मग चांगला आराखडा कसा असेल?

पहिली गोष्ट, तुमचं एकक मांजर नाही, गट आहे. एका गटातली सगळी मांजरं एकाच बाईंनी दिलेलं खाणं खातात, एकाच गल्लीतला वारा सोसतात. वरच्या उदाहरणातले दोन गट म्हणजे ४० नमुने नव्हेत, ते दोनच. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'आभासी पुनरावृत्ती' अशा अर्थाचं नाव दिलं. शाळेतल्या एका वर्गाची दुसऱ्या वर्गाशी तुलना करणाऱ्यांनाही हे तसंच्या तसं लागू आहे.

दुसरी, तुलनेसाठी निम्म्या मांजरांना थंडीत उघडं ठेवायचं का? पेंढा आणि थर्माकोल ऊब धरतात हे समजायला प्रयोग लागत नाही, त्यामुळे ते नाकारणं योग्य नाही. पण दोन प्रकारच्या खोक्यांची तुलना करता येते. किंवा स्वयंसेवकांकडे खोकी टप्प्याटप्प्यानेच तयार होणार असतील, तर कोणत्या गटाला आधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं. सगळ्यांना खोकं मिळतं आणि तुम्हाला तुलना मिळते.

तिसरी, सोपं मोजमाप आणि खरं मोजमाप यांत गल्लत नको. खोक्यात तापमापक ठेवून 'आत आठ अंश जास्त होते' असं लिहिणं सोपं आहे, उपयोगीही आहे. पण त्याने खोकं उबदार असल्याचं सिद्ध होतं. मांजर वाचल्याचं नाही.

कुणी म्हणेल, एवढी शंका काढायची तर स्वयंसेवकांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. आज रात्री बर्फ पडणार असेल तर पेंढा आजच भरायचा. प्रश्न पुढचा आहे. त्यांच्याकडे पैसे, माणसं, वेळ सगळंच मर्यादित असतं. ते खोक्यांवर घालवायचे, जादा खाण्यावर, की वसंताआधी आणखी माद्यांच्या शस्त्रक्रियांवर, हे ठरवताना चुकीचा आकडा दिला तर त्याची किंमत कुठल्यातरी गल्लीतली मांजरं मोजतात. पेपर लिहिणारा मोजत नाही.

तेव्हा पुढचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी पद्धतीच्या भागात जा आणि तीन आकडे वहीत उतरवून काढा: सुरुवातीला किती होते, शेवटी किती सापडले, आणि न सापडलेल्यांना लेखकांनी काय मानलं. तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही, तर तुमच्या संशोधनाचा विषय कदाचित तिथेच असेल.