विजेच्या टपालांतील ‘सावधान!’

गेल्या आषाढांतील गोष्ट. स्नानसंध्या उरकून आम्ही पुण्याच्या मुलीचें पत्र पाहण्यास संगणकापुढें बसलों, तों पडद्यावर पत्राऐवजीं एक चौकट उभी! टपाल देणाऱ्या सर्व्हरचें प्रमाणपत्र ग्राह्य नाहीं. तरीहि पुढें जावयाचें काय? शेजारच्या चिरंजीवांस विचारलें. ते म्हणाले, “काका, होय म्हणा आणि सोडून द्या.” ‘आधीं प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा’ असें जन्मभर मुलांस दटावणारे आम्ही न वाचतां होय म्हणूं लागलों. आठ दिवस हा क्रम चालला.

उलगडा झाला तो आमच्या सौभाग्यवतींमुळें. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ विचारण्यास त्या पंचांग घेऊन आल्या आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “अहो, या यंत्रांत १ जानेवारी २०१५ कशी?” पाहतों तों खरेंच!

आतां तारखेचा आणि टपालाचा संबंध काय, असें वाचक विचारतील. अशोकवनांत मारुतिरायास पाहून सीतामाईस प्रथम शंकाच आली, कीं हा मायावी रावण तर नव्हे? रामनामांकित मुद्रिका पाहिल्यावर तिचा विश्वास बसला. संगणकहि आपला परवलीचा शब्द सर्व्हरच्या स्वाधीन करण्यापूर्वीं अशीच मुद्रिका मागतो. तिच्यावरील नांव आपण लिहिलेल्या सर्व्हरचेंच आहे ना, ती देणारी संस्था विश्वासांतील आहे ना आणि आजचा दिवस तिच्या मुदतींत बसतो ना, हें तो पाहतो. मुदत फार लांब नसते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ सालापासून ९० दिवसांचीं प्रमाणपत्रें देत आली. आमच्या संगणकाच्या मतें साल २०१५. तेव्हां आजचें प्रमाणपत्र त्यास अद्यापि न जन्मलेलेंच वाटणार! बिचाऱ्याची शंका तर्कशुद्ध होती. पंचांग तेवढें चुकलें होतें.

आम्हीं तारीख लावली, चौकट नाहींशी झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां हजर. रात्रीं निजतांना आम्ही भिंतीवरील बटण बंद करतों, हें तेव्हां ध्यानांत आलें. वीज नसतांना यंत्रांतील घड्याळ चालतें तें रुपयाएवढ्या एका चपट्या सेलवर. पुष्कळ यंत्रांत तो सीआर २०३२ या जातीचा, ३ व्होल्टचा असतो. तो संपला, कीं घड्याळ रोज मूळपदावर येतें. यंत्र जालावरून वेळ लावून घेतें खरें, पण फरक वर्षांचा असला म्हणजे ही सोय नेहमींच कामास येत नाहीं. वीज तोडून नवा सेल बसविला, तारीख एकदां लावली आणि व्याधि मुळापासून गेली.

तारीख बरोबर असून चौकट येत असेल, तर तींतील नांव वाचावें. सर्व्हरचें नांव लिहितांना चूक होते, किंवा टपाल पुरविणाऱ्यानें तें बदललेलें असतें. कांहीं विषाणुरोधक कार्यक्रम टपाल तपासण्यासाठीं मध्यें स्वतःचेंच प्रमाणपत्र पुढें करतात. परंतु धर्मशाळेंत अथवा स्टेशनावर फुकटच्या वायफायवर चौकट आली, तर ‘नाहीं’ म्हणून उठावें हें बरें.

राहतां राहिली आमच्या आठ दिवसांच्या ‘होय’ची गोष्ट. प्रत्येक होकाराबरोबर ‘कायमचें लक्षांत ठेव’ ही खूणहि आम्हीं राहूं दिली होती! थंडरबर्डमध्यें असे अपवाद सेटिंग्जमधील ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’ येथें, ‘सर्व्हर्स’ या सदरांत सांपडतात. तेथून ते आम्हीं काढून टाकले. पण त्या दिवसांत एखादे वेळीं निराळीच, खरोखर घाबरण्याजोगी सूचना येऊन गेली कीं काय, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आम्हीं ती वाचलीच नव्हती. बँकेचा परवलीचा शब्द बदलावयाचा म्हटलें तरी त्याचें पत्र याच टपालानें येतें. ज्याच्या हातीं टपाल, त्याच्या हातीं आमचें निवृत्तिवेतन! त्याच सायंकाळीं, चंद्रोदयापूर्वीं, सौभाग्यवतींस शेजारीं बसवून आम्हीं टपालाचा परवलीचा शब्द बदलला. नवा शब्द त्यांनींच सुचविला. तो शेजारच्या चिरंजीवांस सांगितलेला नाहीं.