म्हातारपणाचं करणं हेही कामच

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की त्यांचं सगळं कोण करतं? उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, रात्री दोनदा उठून बघणं? बहुतेक घरांत सून, नाहीतर बायको किंवा लेक. आणि तिला विचारलं, "काय करतेस गं?" तर ती म्हणते, "काही नाही, घरीच असते."

हे 'काही नाही' म्हणजे नेमकं किती काम, याचा अभ्यास जपानमधल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं केला. त्यांचं नाव चिझुको उएनो. जन्म १९४८ चा. क्योतो विद्यापीठात त्या समाजशास्त्र शिकल्या, म्हणजे माणसं एकत्र कशी राहतात, कोणाच्या वाट्याला काय येतं, याचं शास्त्र. पुढे २०११ पर्यंत त्यांनी टोकियो विद्यापीठात शिकवलं. आधी त्यांनी बायकांच्या बिनपगारी घरकामावर लिहिलं. मग म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीकडे वळल्या. या विषयावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ २०११ मध्ये आला.

जपानमध्येही सासू-सासऱ्यांचं करणं हे सुनेचं कर्तव्यच मानत. बायकांच्या संघटनांनी विचारलं, हा भार एकटीवर का? १९९७ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून देखभाल विमा सुरू झाला.

तो कसा चालतो ते समजून घेऊ. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. निम्मा पैसा हप्त्यांतून येतो, निम्मा सरकारी करांतून. वय ६५ झालं आणि मदतीची गरज पडली, की अर्ज करायचा. मग घरी माणूस येऊन बघतो, उठता येतं का, जेवता येतं का, आठवण राहते का. त्यावरून मदत किती द्यायची ते ठरतं. कुणाकडे मदतनीस घरी येते, कुणी दिवसभर केंद्रात जातं. खर्चाचा दहावा भाग बहुतेकांना स्वतः द्यावा लागतो, कमाई जास्त असेल तर थोडा अधिक.

तेव्हा एक मोठा वाद झाला. सरळ सुनेच्याच हातात पैसे का देऊ नयेत? जर्मनीत घरच्यांनी देखभाल केली तर रोख रक्कम मिळते. पण जपानमधल्या अनेक बायका म्हणाल्या, पैसे दिले की सून आणखीच बांधली जाईल. आम्हाला पैसे नकोत, मदतीचे हात हवेत. म्हणून तिथे सेवा द्यायचं ठरलं.

उएनो बाई चार हक्क सांगतात. आपल्या माणसाचं करण्याचा हक्क. स्वतःचं करून घेण्याचा हक्क. कुणाचं करायची सक्ती न होण्याचा हक्क. आणि नको असताना करून घ्यायची सक्ती न होण्याचा हक्क. त्या आणखी एक बोट ठेवतात: मदतनीस बाईला पगार कमी का? कारण हे काम कुठलीही बाई करू शकते, असं लोकांना वाटतं.

आपल्याकडे असा विमा नाही. पण बोलायला तर कुणाची आडकाठी नाही! आम्हाला वाटतं, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं, घरात कुणाचं करावं लागतं, दिवसाचे किती तास जातात, आणि आपण आजारी पडलो तर ते कोण करणार. आकडे वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत बोलायचं झालं तर ही वहीच कामाला येईल.