आधी पाणी, मग रोप!

धामणगावहून पुलगावकडे जाताना गाडी वर्धेचा पूल ओलांडते, तेव्हा तुम्ही बहुतेक मोबाइलमध्ये असता. एकदा खाली बघा. हे पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरतं आणि आंध्रात काकीनाड्याच्या बाजूला समुद्राला भेटतं. तिथेच कोरिंगाचं कांदळवन आहे. आता सांगा, समुद्राशी वऱ्हाडाचं काय देणंघेणं?

कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. त्यांची मुळं लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, मासे-खेकड्यांच्या पिलांना आसरा देतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आलं. म्हणून ही झाडं किनाऱ्यावरच्या गावांसाठी जगण्याचा प्रश्न आहेत.

मग लावा की रोपं! इथेच गंमत आहे. झाडं तोडली की जमीन वाळते, खचते. भरतीचं पाणी खळग्यात अडकतं, उन्हाने आटतं आणि मीठ मागे उरतं. अशा मातीत कितीही रोपं लावा, मरणारच. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने तमिळनाडू आणि आंध्रात वेगळा मार्ग धरला. माशाच्या काट्यासारखे चर खणले, भरती-ओहोटीला वाट करून दिली. मीठ धुऊन गेलं, मग चरांच्या कडेने रोपं लावली.

आपल्या राज्यात २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की कांदळवनं नष्ट करणं हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. पण नुसत्या कायद्याने पोट भरत नाही. म्हणून सिंधुदुर्गात खेकडापालनासारखे रोजगार कांदळवनाशी जोडले गेले. वेंगुर्ल्यात तर बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाड उभं राहिलं तर कमाई. मग ते कोण तोडू देईल?

आता आपल्याकडे या. दर पावसाळ्यात रासेयोचं वृक्षारोपण होतं, फोटो निघतात. उन्हाळ्यात त्यातली किती रोपं उरतात? यंदा खड्डा खणण्याआधी तीन प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, आणि हे झाड जगलं तर गावात कोणाचा फायदा आहे? उत्तरं मिळाली, की मगच कुदळ उचला.