जुन्या पिकअपचे इंजिन ‘मिसिंग’ का मारते?

चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनातील एक सिलिंडर नीट काम करेनासा झाला, की इंजिन थरथरते, आवाजाची लय मोडते आणि चढावर गाडी ओढत नाही. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘मिसिंग मारते’. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, कमलनगर आणि कलबुरगी जिल्ह्यातील आळंद या भागांत तूर, सोयाबीन, भाजीपाला बाजारात नेणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांना हा विकार नवा नाही. नोझल किंवा पंप खोलायची घाई केली तर खर्च वाढतो. दोष मात्र अनेकदा एखाद्या सैल क्लिपमध्ये सापडतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यासाठी हवाविरहित स्वच्छ डिझेल, बारीक व वेळेवर फवारा आणि पुरेसे कॉम्प्रेशन एवढ्या तीन गोष्टी लागतात. तपासणीही याच क्रमाने करावी.

त्याआधी धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर धुळीने चोंदलेला किंवा नोझल गळके. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असावेत. धूर नाही, फक्त उभ्या गाडीत हादरे जाणवतात आणि रेस दिल्यावर थांबतात, तर इंजिनाचे माउंटिंग रबर फाटले आहे का किंवा आयडलिंग फार कमी आहे का, तेही पाहावे.

पहिला टप्पा डिझेलचा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलातून पाणी आणि गाळ हमखास येतो. मग एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेसाळ बुडबुडे संपून डिझेलची सलग धार लागली, की स्क्रू आवळावा. एअर पुन्हा पुन्हा धरत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतचे पाइप, क्लिपा आणि वॉशर तपासावेत. इंजिन उभ्या जागी ठीक, पण भरल्या गाडीला दम लागतो, असे असेल तर डिझेल फिल्टर बदलून पाहावा.

दुसरा टप्पा दोषी सिलिंडर शोधण्याचा. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. चांगल्या सिलिंडरचा नट सैल होताच आवाज बदलतो आणि इंजिन आणखी डळमळते. ज्याचा नट सैल करूनही काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मिसिंग मारतो. ही चाचणी फक्त यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांवर आणि सरावलेल्या मेकॅनिकनेच करावी, कारण डिझेलची बारीक चिळकांडी कातडीत घुसू शकते. कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. तिथे नटाला हातही लावू नये, स्कॅनरच वापरावा.

दोषी सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. मिसिंग नोझलबरोबर सरकले, तर नोझल खराब. ते टेस्टिंग मशीनवर तपासून घ्यावे. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब गळता कामा नये. मिसिंग त्याच सिलिंडरमध्ये राहिले, तर पंपाची त्या सिलिंडरची लाइन पाहावी आणि तीही ठीक असेल, तर तिसऱ्या टप्प्याकडे वळावे.

कॉम्प्रेशन मोजण्याआधी टॅपेटचे अंतर फीलर गेजने, कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे तपासतात. अंतर फार कमी झाले, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. त्यानंतर गेज लावून चारही सिलिंडरांचे आकडे ताडून पाहतात. एकच आकडा पडलेला असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारच्या दोन सिलिंडरांचे पडले असतील, तर त्यांच्यामधले गॅसकेट. हेड उतरवण्याचा निर्णय हे आकडे हाती आल्यावरच घ्यावा.